बिनधुराच्या गाडीचा दिवस

शोभा कंपनीच्या गेटवर आली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. काशीनाथची ही धाकटी मुलगी, नर्सिंग शिकणारी. तिला तिथे पाहिलं आणि मला कळायचं ते कळलं. म्हणाली, "काका, बाबा गेले. कामावर निघाले होते, चपला घालायला वाकले आणि... तसेच." मी तिला टाइम ऑफिसात बसवलं, पाणी दिलं. ती रडली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "दवाखान्यात वय विचारलं. आईनं त्रेपन्न सांगितलं. ते म्हणाले, कागद दाखवा. मग कंपनीचं कार्ड दाखवलं, तर त्यांनी अठ्ठावन्न लिहिलं." मेल्यावरही ती पाच वर्षं त्याच्या पाठीवरून उतरली नाहीत. ती चढवणारा मी, हे तिला ठाऊक नव्हतं... निदान तेव्हा मला तसं वाटलं.

आता सहा आठवडे झाले. लोक स्मृतिलेखात गेलेल्या माणसाचे गुण सांगतात. काशीनाथचे गुण सांगायला बसलो तर पानं पुरायची नाहीत, पण ते आधी करायचा मला अधिकार नाही. आधी माझं सांगतो.

बासष्ट साली पिंपरीला आमच्या कंपनीची पहिली मोठी भरती झाली. मी बावीस वर्षांचा, मॅट्रिक पास, टाइम ऑफिसात नवाकोरा कारकून. पँटला इस्त्री, खिशाला पेन, आणि डोक्यात हवा. गेटबाहेर मांडवात टेबल टाकून मी फॉर्म भरत होतो आणि समोर ही रांग! गाव, नाव, बापाचं नाव इथपर्यंत गाडी सुरळीत चालायची, आणि जन्मतारखेच्या रकान्याशी अडायची. "ठावं न्हाई सायेब." "दुष्काळात झालो म्हनं." "आज्जीला म्हाईत व्हतं, ती गेली." आता दोनशे माणसांच्या आज्ज्या मी कुठून आणणार? शाळामास्तरांची जुनी रीत होती, तीच मी उचलली. ज्याची तारीख माहीत नाही तो जन्मला एक जूनला. साल ठरवायचं तोंडाकडे बघून. संध्याकाळपर्यंत मी इतक्या लोकांना एक जूनला जन्माला घातलं, की हेडक्लार्क हसून म्हणाले, "काय रे, त्या दिवशी सुईणींची काय दैना झाली असेल!" मीही खो खो हसलो.

काशीनाथ त्या रांगेत दुपारच्या सुमाराला आला. दगडखाणीवर खडी फोडायचं काम अर्धं टाकून तसाच पळत आला होता. मी मान वर केली, पांढरं डोकं पाहिलं, आणि विचारलंसुद्धा नाही. अडतीस धरले, साल लिहिलं, "अंगठा की सही?" म्हणालो. तो म्हणाला, "सही." चौथीपर्यंत शिकला होता. सावकाश, एकेक अक्षर कोरत त्याने सही केली. मी म्हणालो, "उरक की रे लवकर." माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या माणसाला अरे-तुरे केलं, तेव्हा त्यात काही वाटायचं नाही आम्हाला. दुसऱ्या दिवशी तो कामावर हजर झाला, अंघोळ करून, तेल लावून. केस काळेभोर! आदल्या दिवशी डोक्यावर होती ती दगडाची धूळ होती. मला ते दिसलं, गंमतही वाटली. फॉर्म अजून माझ्याच टेबलावर पडला होता. दुरुस्ती करायला एक मिनिट लागलं असतं. केली नाही. का, तर खाडाखोड झाली की हेडक्लार्क ओरडायचे.

पुढे वीस वर्षं आम्ही एका कंपनीत काढली. तो फाउंड्रीत, मी ऑफिसात. ओळख कशी वाढली ते आता सांगता येत नाही. त्याला वाचायचा नाद होता. जुने पेपर मागायला यायचा, आणि मग डबा खायला आमच्याच व्हरांड्यात बसायला लागला. मी 'तुम्ही' म्हणायला शिकलो, त्याच्या तोंडी मी 'सायेब'चा 'भाऊसाहेब' झालो. माझी मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात पहिला भेटायला आला तो हाच. पेढा तोंडात टाकायच्या आधी म्हणाला, "तारीख लिवून ठिवा भाऊसाहेब. येळ बी लिवा. आन चिठ्ठी बायकूजवळ न्हाई, पेटीत ठिवा." मी हसण्यावारी नेलं. चिठ्ठी मात्र ठेवली. अजून आहे.

ब्याऐंशीच्या सुरुवातीला त्याच्या हातात निवृत्तीची नोटीस पडली. मे अखेर अठ्ठावन्न पूर्ण. तो नोटीस घेऊन माझ्याकडे आला, चेहरा असा की कुणीतरी भलत्याच माणसाचं पत्र हातात दिलंय. "भाऊसाहेब, हे चुकलंय. माझी अजून पाच वर्सं हायत. कंपनीची खोली गेली तर जायाचं कुठं? शोभीचं शिक्षान अर्धं हाय." मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत पाच?" तर म्हणाला, "आई सांगायची ना! बिनधुराची गाडी आली त्या दिशी मी झालो."

त्याचं गाव रावेतच्या बाजूचं, रेल्वेलाईनला लागून. घाटातून पुण्यापर्यंत विजेवर चालणारी गाडी पहिल्यांदा आली, तो दिवस. दिवाळी नुकतीच झाली होती. अख्खं गाव रुळाकडे धावलं आणि वस्तीतल्या खोपटात त्याची आई एकटी. बाप नव्हता, कारण बापाकडे गावकीचं काम. पाटलाचा हुकूम होता की गुरं रुळावर येऊ द्यायची नाहीत, म्हणून तो काठी घेऊन दिवसभर लाईनीवर उभा. पण याहून मोठी गंमत पुढे आहे. गावात कुणाच्या घरी पोर झालं की चावडीवर जाऊन वर्दी द्यायची, नोंद करवायची, हेही काम या बापाचंच. आम्ही दोघं तहसील कचेरीत गेलो. बाबापुता करून जुनं जन्ममृत्यूचं पुस्तक काढवलं. त्या वर्षी दिवाळीनंतरच्या चार दिवसांतली एक नोंद सापडली... गावातल्या एका मोठ्या घरची मुलगी. खबर देणाराचा रकाना, आणि त्यात काशीनाथच्या बापाचं नाव, त्यापुढे अंगठा. वस्तीतली नोंद त्या पानावर नाही, पुढच्या पानावर नाही, कुठेच नाही. काशीनाथ त्या अंगठ्यावर बोट ठेवून किती तरी वेळ उभा राहिला. "चावडीपत्तुर आला व्हता की म्हातारा," म्हणाला. "एक वाकीय आनखी बोलला असता तर काय जीभ झडली असती का?" मग स्वतःच म्हणाला, "बोलला बी असंल. लिवणाऱ्यानं लिवलं नसंल." मी कपाटाकडे बघत राहिलो.

मग मला ती वर्तमानपत्राची कल्पना सुचली. सुचली कसली, मनाला टोचणी होती, ती शमवायला काहीतरी हवं होतं. एका रविवारी आम्ही पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात गेलो. त्या वर्षाचा बांधीव गठ्ठा काढून दिला त्यांनी, पानं अशी की हात लावला तर तुकडा पडेल. दिवाळीनंतरचे अंक उलगडत गेलो आणि सापडली गाडी! फुलांच्या माळा, बडे पाहुणे, भाषणं. तो सावकाश वाचत होता, ओठ हलवत. एका ओळीशी थांबला. "लाईनीच्या दुतर्फा बंदोबस्त चोख होता." पुन्हा वाचली. मला म्हणाला, "भाऊसाहेब, यात माझा बाप हाय."

ग्रंथालय बंद व्हायला दोन तास होते. म्हणाला, "आता आलोय तर समदंच बघू. मी झालो तवा जगात काय चाललं व्हतं ते तरी कळंल." आणि मग तो जो रमला! कुठल्या तरी समुद्रात बोट खडकावर चढली, माणसं वाचली. मुंबईत एका गिरणीत संप. परदेशात कुणी राजा आजारी. पुण्यात ढगाळ हवा. केसांच्या तेलाची जाहिरात. मी वहीत उतरवून घेत होतो आणि तो सांगत होता, "हे बी लिवा, हे बी." बावन्न वर्षांच्या माणसाला पहिल्यांदा वाढदिवस मिळाला होता हो! शेवटच्या पानावर एका साहेबाची छत्री हरवल्याची जाहिरात होती. चांदीची मूठ, आणून देणाऱ्यास इनाम. काशीनाथ हसायला लागला, हसता हसता डोळे पुसले. "छत्री हरवली तर छापून आलं राव! आन मी घावलो, ते कुनाला कळलं बी न्हाई."

ती वही त्याने डोक्याशी घेऊन झोपावं इतकी जपली. फाउंड्रीत सगळ्यांना वाचून दाखवली. जो तो विचारायला लागला, "काशीनाथराव, राजा बरा झाला का?" तो म्हणायचा, "दुसऱ्या दिशीचा पेपर बघाया पायजे."

आणि मग तो दिवस. पर्सोनेलच्या साहेबांसमोर आम्ही दोघं उभे. साहेब वाईट नव्हते. त्यांनी वहीतलं पान वाचलं, अगदी शेवटपर्यंत. मग म्हणाले, "गाडी आली हे कळलं. पण तुम्ही जन्मलात, असं यात कुठे आहे?" काशीनाथ म्हणाला, "ते न्हाई सायेब." साहेबांनी बासष्टचा फॉर्म काढून टेबलावर ठेवला, उघड्या वहीच्या शेजारी. "एक मार्ग आहे. हा फॉर्म ज्याने भरला त्याने लिहून दिलं की वय अंदाजाने टाकलं, कागद बघितला नाही, तर मी वर कळवू शकतो. हे अक्षर कोणाचं?"

हेडक्लार्कची जागा त्या महिन्यात रिकामी होत होती आणि तिथे माझं नाव जाणार होतं. एक फॉर्म कबूल केला की दोनशे फॉर्म दारात येऊन उभे राहणार. हे सगळं मी एका क्षणात मनात मांडलं. वीस वर्षं ज्याच्या डब्यातली भाकरी खाल्ली तो माणूस हाताच्या अंतरावर उभा होता. मी म्हणालो, "जुनं आहे साहेब. कोण सांगणार आता?"

टेबलावर दोन कागद होते, फॉर्म आणि वही. माझा 'ज' पोटात गाठ मारल्यासारखा येतो, लहानपणापासून. दोन्हीकडे तोच. साहेबांनी मान खाली घालायचीच खोटी होती. तेवढ्यात काशीनाथने हात पुढे केला आणि वही मिटली. "असू द्या सायेब. भाऊसाहेबांनी लई धावपळ केली माझ्यासाठी." एवढंच बोलून नमस्कार करून बाहेर पडला. मी मनाला समजावलं की त्याने सहज मिटली. आठ महिने समजावत होतो.

मे अखेर खोली सुटली. रहाटणीला पत्र्याची एक खोली भाड्याने घेतली आणि पिंपळे गुरवला एका बांधकामावर वॉचमन म्हणून लागला. मी हेडक्लार्क झालो. पेढे घेऊन गेलो होतो, बेशरमासारखा. त्याने एक खाल्ला, माझ्या पाठीवर हात ठेवला.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या वंदनेच्या, आदल्या दिवशी शोभा पुन्हा आली. फोटोखाली जन्मतारीख आणि गेल्याची तारीख घालायची होती. "आई म्हणाली, काकांकडूनच लिहून आण. त्यांचं अक्षर चांगलं आहे." मी पुठ्ठा घेतला, पेन घेतलं आणि माझा हात चालेना. शेवटी तो पुठ्ठा घेऊन स्वतःच रहाटणीला गेलो.

पत्र्याच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीखाली फळीवर काशीनाथचा फोटो होता आणि फोटोला टेकवून ती वही. हाताळून हाताळून कोपरे काळे पडलेले, छत्रीचं पान आपोआप उघडत होतं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जमिनीवर बसलो आणि विचारलं, "वहिनी, काशीनाथरावांचा जन्म कधीचा लिहू?"

त्यांनी सावकाश सांगितलं. बिनधुराच्या गाडीचा दिवस, महिना, साल. मी लिहिलं. शाई वाळू दिली. मग त्यांनी पुठ्ठा हातात घेतला. वाचता येत नसताना अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ह्या येळेला विचारून लिवलंत, भाऊसाहेब."