बोलणाऱ्याचा फोन कापू नये

"एक क्षण हं, जोडतो," असं म्हणून आमचा ऑपरेटर बोट वर करायचा. त्या दुपारीही त्याने बोट वर केलं आणि ते तसंच राहिलं, कारण जोडायला लाईनच नव्हती. झाशीतल्या आमच्या नर्सिंग होमच्या चारही लाईनींवर कोणीतरी बोलत होतं. आत टेबलावर जवळच्या बबीना गावाहून आणलेली बाई. मूल आडवं, रक्त थांबत नव्हतं, आणि डॉक्टरबाई सिव्हिल लाईन्सला घरी झोपलेल्या.

"बाबूजी, मॅडम को लगाइए ना!" नर्स आतून ओरडली.

त्याने एक लाईन कानाला लावली, मग दुसरी. माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, कुठली भाषा आहे कळत नाही."

"भाषेचं काय करायचंय? काप."

"बोलताहेत ते."

मोबाईल तेव्हा आमच्यात कोणाकडे नव्हते. सदर बाजाराच्या सुट्टीचा दिवस, पीसीओचं शटर खाली. ड्रायव्हरला डॉक्टरबाईंकडे स्कूटरवर पिटाळला होता, तो रेल्वेच्या बंद फाटकाशी उभा असणार.

मी तिथे आया होते, चौथी शिकलेली. तो टेलिफोन ऑपरेटर. वयाने लहान, म्हणून मी अरे-तुरे करायची. त्याचे पूर्वज पेशवाईत झाशीला हिशेब लिहायला आले, माझे घोड्यांबरोबर. आता दोघं एकाच खिडकीतून पगार घेत होतो.

तुम्हीही असली माणसं पाहिली असतील. सिमेंटचं दुकान समजून कोणी फोन केला, तर हा त्याला सिमेंटच्या दुकानाचा नंबर शोधून द्यायचा. एका म्हाताऱ्याची बायको बरी होऊन घरी गेली, तरी तो रोज फोन करून तिच्या पोटाचं सांगायचा. हा ऐकायचा.

"बोलणाऱ्याचा फोन कापू नये ताई, पाप लागतं."

"मग मुक्यांना सगळं पुण्यच," मी म्हणायची.

काही दिवसांपासून एका माणसाचे फोन येत होते. टेलिफोन ऑफिसातून बोलतो म्हणायचा, आणि मराठीत बोलायचा. हा फोन उचलताना आपलं आडनाव सांगायचा, त्यावरून त्याने ओळखलं असणार. दिवसभर त्या फोनवर हिंदी नाहीतर बुंदेली. घरी मुलाशी मराठीत बोलावं, तर तो "समझ गया पापा" म्हणून उठून जायचा. आणि हा परका विचारायचा, "जेवलात का? आज भाजी कसली?" मग म्हणायचा, तपासणी आहे, मला बाहेरची लाईन द्या आणि रिसीव्हर ठेवा. हा द्यायचा.

"टेलिफोन ऑफिसला तुझी भाजी कशाला हवी?" मी एकदा विचारलं.

"अगं ताई, आपल्यातला आहे."

पुढे टेलिफोनच्या मेकॅनिकने सांगितलं तेव्हा कळलं. बाहेरची लाईन हातात आली की तो माणूस आमच्या बिलावर जगात कुठेही फोन लावायचा, आणि पैसे घेऊन दुसऱ्यांना बोलायला द्यायचा. हा इथे भोपळ्याची भाजी सांगत होता, तिकडे सातासमुद्रापार लोकांच्या गप्पा चालल्या होत्या. त्या दिवशी त्याने चारही लाईनी तपासायला मागितल्या होत्या.

बबीनाच्या बाईची सासू खिडकीशी आली. नवरा फौजेत, दूर कुठेतरी. तिने काचेवर हात आपटला. "काए भैया, डागदरनी काँ हैं? हमाई बहू मरी जा रई!"

त्याने पुन्हा एक लाईन कानाला लावली. "भाईसाहब, ज़रा लाईन छोड़ दीजिए, मरीज़ है." तिकडे कोणी हसलं. त्याला हसलं नाही, त्यांचं त्यांचं चाललं होतं.

मी फोनच्या पेटीमागे हात घातला. त्याने माझं मनगट धरलं. "तू नको, मी करतो." मग एकेक तार उपटली. दर तारेला "माफ करा" म्हणाला, आणि तेही मराठीत. एक तार परत लावली आणि डॉक्टरबाईंच्या घरचा नंबर फिरवला.

डॉक्टरबाई दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आल्या. दार बंद झालं.

तो स्टुलावर बसला. मी चहा दिला, तो घेतला नाही.

"ताई, तो मराठी होता गं."

"का, चोर मराठीत नसतात?"

मालकाला त्याने स्वतःच जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा मी तिथे फरशी पुसत होते. पलीकडचं मला ऐकू आलं नाही, याचं ऐकू आलं.

"जेवलो," तो म्हणाला. मग विचारलं, "तुम्ही जेवलात?"

आणि उत्तर यायच्या आत रिसीव्हर ठेवला.

मालकाने त्याला पेशंटना नंबराच्या चिठ्ठ्या फाडून द्यायच्या खिडकीवर बसवलं. तिथेही कोणी काही विचारलं की बोट वर जायचं. फोनवर त्याच्या जागी एक मुलगी आली, ती फार चटपटीत होती. आता तीही नाही, मशीन बोलतं. एक दाबा, दोन दाबा.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. त्याच्या मुलाने फोन करून सांगितलं, हिंदीत. सांगून झालं, पण फोन त्याने ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

बबीनाची बाई वाचली. तिची मुलगीही वाचली.