देवांच्या पाठीमागची भिंत

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, प्रत्येक भिंतीला दोन बाजू असतात. ही बाब प्रस्तुत लेखिकेला वयाच्या पन्नाशीत, हातात ड्रिल मशीन असताना आणि सासूबाई घरी यायच्या दिवशीच समजली. तरी सर्वांनी नोंद घ्यावी.

आता सविस्तर सांगते.

सासूबाई विश्रांतवाडीला एकट्या राहायच्या, आम्ही कोथरूडला. एकदा त्या न्हाणीघरात घसरून पडल्या आणि शेजारीण किल्ली शोधून आत येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. हाडं शाबूत राहिली, पण माझ्या नवऱ्याची झोप गेली. ऑफिस सुटलं की तो रोज शहराच्या त्या टोकाला जायचा, आई जेवली का बघायचा आणि परत यायचा. फोन वाजला की नंबर बघायच्या आधीच त्याचा चेहरा उतरायचा.

"आमच्याकडे या," असं मी म्हटलं की सासूबाईंचं उत्तर ठरलेलं. "आणि माझे देव कुठे ठेवू? तुमच्या फ्रिजवर?"

हा टोमणा होता, पण खोटा नव्हता. आमच्या घरातला एकुलता एक गणपती खरोखरच फ्रिजवर बसलेला होता.

शेवटी त्या म्हणाल्या, "एक संध्याकाळ देवांना घेऊन येते. दिवा लावून बघते. मन लागलं तर राहीन. नाही लागलं तर त्याच गाडीने परत, आणि मग हा विषय पुन्हा काढायचा नाही."

एक संध्याकाळ! म्हणजे नाटकाचा एकच प्रयोग, तोही तालमीशिवाय. मी लगेच जाहीर केलं की हॉलची अख्खी भिंत भरून पुस्तकांची कपाटं करायची आणि त्यांच्या मधोमध देवांना प्रशस्त जागा द्यायची. सुतार आला, त्याने मापं घेतली, आकडा सांगितला. आम्ही त्याला चहा दिला आणि निरोप दिला. मग मी ऑनलाइन तीन स्वस्तातली, भुसा दाबून केलेल्या फळ्यांची कपाटं मागवली आणि मोबाइलवर व्हिडिओ बघत कंबर कसली.

"जमेल ना तुला?" नवऱ्याने विचारलं.

"न जमायला काय झालं? मुळात कपाटंच आहेत ती. फक्त ती भिंतीचीच आहेत असं त्यांना पटवायचंय."

पटवायला बरेच दिवस गेले. खाली लाकडी पट्ट्यांची चौकट केली, तिच्यावर तिन्ही कपाटं एकमेकांना चिकटवून उभी केली आणि स्क्रूने जोडली. तेव्हा कळलं की आमची भिंतच सरळ नाही. कपाट खाली टेकत होतं आणि वर बोटभर फट राहत होती. त्या फटीत प्लायच्या पट्ट्या ठोकल्या, सांधे पुट्टीने बुजवले, पॉलिशपेपरने घासले आणि सगळ्याला एकच मोतिया रंग दिला. मधल्या कपाटातली एक फळी काढून टाकली, म्हणजे दिव्याची धग वर लागणार नाही, आणि देव ठेवायच्या जागी कडाप्प्याचा गुळगुळीत तुकडा बसवला. सगळं झाल्यावर मी लांब उभी राहून बघितलं. बिल्डरने घराबरोबरच दिल्यासारखं दिसत होतं. मी स्वतःलाच टाळ्या वाजवल्या.

एकच काम उरलं होतं. कपाटं पुढे कलंडू नयेत म्हणून ती भिंतीला घट्ट बांधायची होती. सासूबाईंना आणायला निघण्यापूर्वी नवरा "आलोच" म्हणून गायब झाला, आणि मी देवांच्या जागेतच, अगदी वरच्या कोपऱ्यात लोखंडी पट्टी धरून ड्रिल चालू केलं. आधी पांढरा रंग उडाला, मग विटेची लाल पूड. मग काहीतरी कडक लागलं. मी जोर लावला. कट्ट आवाज झाला आणि मशीनचं टोक मुळापर्यंत आत गेलं.

आणि देवांच्या जागेतून माझ्या नवऱ्याचा आवाज आला.

"अगं, थांब! बंद कर ते!"

मी थिजले. "तू कुठे आहेस?"

"कुठे असणार? बसलोय! तुझं ते टोक माझ्या कानाशेजारून बाहेर आलंय!"

मी धावत गेले. हॉलमधून बोळात, बोळातून डावीकडे, मग पुन्हा डावीकडे. आमच्या घरात संडासाला जायचं तर अशी दोन वळणं घ्यावी लागतात, म्हणून इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की एवढं फिरून आपण शेवटी हॉलच्याच पाठीशी येऊन बसतो. फ्लशच्या टाकीच्या वर, टाइलमध्ये सुबक भोक पडलं होतं. पाण्याचा पाइप दोन बोटांवर होता.

नवरा पांढरा पडला होता, पण भोकामुळे नाही. "आईचे देव," तो म्हणाला. "संडासाच्या भिंतीला."

"हळू बोल."

"आपण तिला सांगून टाकू या."

"सांग ना. आणि गाडी चालूच ठेव."

दुसरी भिंत नव्हती. एकीकडे बाल्कनी, एकीकडे खिडक्या, एकीकडे स्वयंपाकघराचं दार. आणि हे सगळं तर मी स्वतःच्या हातांनी असं पक्कं केलं होतं की आता उखडलं तर तुकडेच हातात आले असते. नवरा गेला. जिन्यात त्याची पावलं इतकी जड वाजत होती, जणू गाडी तो खांद्यावरून नेणार होता. मी टाइलमधलं भोक टूथपेस्टने बुजवलं, त्या संडासाला बाहेरून कडी घातली आणि "दुरुस्ती चालू" असं लिहून चिकटवलं. बेडरूममधला दुसरा होता. दिवा लागेपर्यंत या भिंतीमागे चिटपाखरूही फिरकणार नव्हतं.

सासूबाई आल्या. देवांचा स्टीलचा डबा त्यांनी छातीशी धरला होता. मी नवऱ्याच्या हाताकडे बघितलं. हात रिकामे होते.

"बॅग?" मी विचारलं.

"राहू दे गाडीत," सासूबाई म्हणाल्या. "आधी बघू."

त्या कपाटासमोर उभ्या राहिल्या. बोटाने फळी वाजवली. "लाकूड आहे का हे?"

"लाकडासारखं आहे, आई," मी म्हणाले.

"म्हणजे नाही." त्यांनी आत हात घालून मागची बाजू वाजवली. "आणि याच्या मागे काय?"

"भिंत."

"भिंत दिसतेय. तिच्या मागे?"

"आई, चहा घेतेस ना?" नवरा इतक्या मोठ्याने म्हणाला की मीच दचकले.

सासूबाईंनी त्याच्याकडे रोखून बघितलं. डबा उघडला. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, चांदीचे टाक, शंख, एकेक जण मऊ कापडातून बाहेर येऊन कडाप्प्यावर बसला. निरांजन लागलं. मोतिया रंगावर उजेड पसरला. सासूबाईंनी घंटा वाजवली आणि डोळे मिटले. घरात अगदी शांत झालं. ही शांतता आणखी पाच मिनिटं टिकली की बॅग वर येणार, नवरा रात्री झोपणार.

मी कडी घातली होती ती आमच्या संडासाला. वरच्या मजल्याचा संडास माझ्या हिशेबात नव्हता.

आधी वर कुठेतरी खळ्ळ झालं. मग पाणी आलं. ते भिंतीच्या पोटातून, बाळकृष्णाच्या मुकुटामागून, अन्नपूर्णेच्या पळीमागून धो धो करत खाली गेलं, आणि संपलं असं वाटत असतानाच एक लांबलचक, तृप्त गुडगुडाट करून थांबलं.

निरांजनाची ज्योतसुद्धा हलली, असं मला वाटलं.

सासूबाईंनी डोळे उघडले. देवांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग मुलाकडे. तो गाडीची किल्ली मुठीत धरून उभा होता.

"आई, ते... वरच्यांचं..."

सासूबाईंनी घंटा खाली ठेवली.

"अगोबाई, इथेही संडासच का? तिकडे शेजाऱ्यांचा होता, रोज ऐन पूजेत ओतायचे मेले. देवांना सवय आहे. तू बघतोस काय असा? बॅग आण वर!"