पेन्सिल ओढून बघणं

आमच्या घरात पेन्सिल नीट धरली आहे की नाही हे बघायची एक परीक्षा होती. मूल चित्र काढत बसलं असताना मागून पावलं न वाजवता यायचं आणि पेन्सिल वरच्या टोकाला पकडून एकदम ओढायची. हातातून सुटली तर नापास. नाही सुटली तर पाठीवर थाप.

ही परीक्षा बाबांची. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि आमच्या घराण्यात हातात पेन्सिल धरणारे ते पहिले. त्यांच्या लहानपणी त्यांना वर्गात सगळ्यांच्या मागे, दाराजवळ बसवत. जाता-येता कोणीही त्यांच्या पाटीवरचा पेन्सिलीचा तुकडा हिसकावून नेई, आणि तक्रार केली तर त्यांचे मास्तर हसत. मग बाबांनी तो तुकडा अगदी टोकाशी, बोटं दुखेपर्यंत आवळून धरायची सवय लावून घेतली. पुढे तीच सवय आम्हा भावंडांना लावली. "आपल्या हातातली पेन्सिल कोणाला काढून घेता येता कामा नये," असं ते म्हणायचे.

मी या परीक्षेत कधी नापास झाले नाही. नखं पांढरी पडेपर्यंत पेन्सिल दाबून धरायचे. मधल्या बोटाला पेराजवळ घट्टा पडला, तो अजून आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा मी त्या घट्ट्याच्या जोरावर दिल्या. इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी मिळाली तेव्हा बाबांनी मला विहारात नेलं आणि माझं बोट वर करून चारचौघांना तो घट्टा दाखवला. मला लाज वाटली होती, आणि अभिमानही वाटला होता. हात दुखायचा, पण चित्र काढताना हात दुखतोच अशी माझी पक्की समजूत होती.

मी चित्रकार झाले नाही, इंजिनियर झाले. लग्न झाल्यावर आम्ही दोघं सिंगापूरला आलो, पासिर रिसला फ्लॅट घेतला, मुलगी इथेच झाली. मी पुलांचे आणि इमारतींचे आराखडे करते. सगळं काम कॉम्प्युटरवर चालतं, तरी पहिला कच्चा आराखडा मी अजून पेन्सिलीनेच काढते, आणि ऑफिसातली तरुण मुलं त्यावरून माझी थट्टा करतात.

मुलगी बोलायला लागली त्याच्या आसपास चित्रं काढायला लागली. रविवारी सकाळी आम्ही समुद्राकडच्या पार्कात जायचो. तिथे खारफुटीत लाकडी पूल आहे, त्यावर उभं राहून ती चिखलातले बगळे बघायची, आणि घरी येऊन जेवायच्या टेबलावर बगळे काढायची. सहा वर्षांची असेल. पेन्सिल धरायची तिची तऱ्हा अगदी वेगळी होती. ती पेन्सिल बरीच वर, जवळजवळ मध्यावर धरायची, सैल, आणि खांद्यापासून सगळा हात फिरवायची. एका रेघेत बगळ्याची मान व्हायची, तीही बरोबर. माझ्या अख्ख्या शाळेत तशी रेघ कोणाला काढता आली नसती, मलाही नाही.

मला त्या रेघेचं कौतुक वाटायला हवं होतं. पण मला दिसली ती फक्त सैल पेन्सिल. मी मागून गेले आणि ओढली.

पेन्सिल माझ्या हातात आली. बगळ्याच्या मानेतून एक काळी रेघ कागदाच्या कडेपर्यंत गेली. ती चित्राकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "आई, व्हाय?"

"नीट धर," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. बाबांची पाटी, ते दाराजवळ बसणं, ते हिसकावणं, यातलं काहीही सांगितलं नाही. म्हटलं, इतक्या लहान वयात कशाला तिच्या डोक्यात घालायचं ते. त्यापासून तिला लांब ठेवायचं म्हणूनच तर आम्ही इतक्या लांब आलो होतो. कारण सांगितलं नाही आणि शिक्षा मात्र दिली. या देशात तिची पेन्सिल कोण हिसकावणार होतं? बसमध्ये पडली तर कोणीतरी उचलून ड्रायव्हरकडे नेऊन दिली असती. तिच्या हातातून पेन्सिल ओढणारी माझ्याखेरीज कोणी नव्हती.

दोन वर्षं मी हे केलं. रोज नाही, पण तिला सावध राहावं लागेल इतपत नक्की. तिची बोटं हळूहळू खाली टोकाकडे सरकली, अंगठा वाकला, नखं पांढरी दिसायला लागली. आठ वर्षांची असताना एकदा मी ओढली आणि पेन्सिल सुटली नाही. मी तिच्या पाठीवर थाप दिली आणि तिला हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊच्या टपऱ्यांच्या मंडईत, नेऊन बर्फाचा गोड बाऊल खाऊ घातला. त्यानंतर मी ओढली की ती मागे न बघताच विचारायची, "पास?" मी म्हणायचे, "पास." माझ्या दृष्टीने तो आमच्या मायलेकींचा लाडाचा खेळ होता.

सेकंडरी शाळेत तिच्या आर्टच्या शिक्षिकेने तिला पुढे आर्टच घे म्हणून सुचवलं. त्यासाठी बरीच चित्रं तयार करून द्यायची होती. ती शाळेतून आली की बसायची. अर्ध्या तासाने हात झटकायची, मनगट दाबायची, पुन्हा बसायची. बगळे अजून काढायची, पण आता त्यांची मान तुकड्यातुकड्यांनी व्हायची आणि कागदाच्या मागच्या बाजूला रेघ उमटायची, इतकी दाबलेली. एकदा ती म्हणाली, "आई, हँड पेन होतंय. रोज होतंय."

"मन लावून बसत नाहीस म्हणून दुखतं," मी म्हणाले. "माझाही दुखायचा, मी कधी उठले?"

हे वाक्य मी आता मनात कितीदा तरी परत घेते. पण बोललेलं परत घेता येत नाही.

दोन महिन्यांनी तिने रंग, पेन्सिली, कागद सगळं एका खोक्यात भरलं आणि घरातल्या शेल्टर नावाच्या बिनखिडकीच्या कोठीत, जिथे आम्ही बॅगा ठेवतो तिथे, तळाशी सरकवून दिलं. मी विचारलं तर इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "नेव्हर माइंड लाह, आई. आय डोन्ट लाइक ऑलरेडी." शाळेत आर्टऐवजी दुसरा विषय घेतला. मी नवऱ्याला म्हणाले की हिच्यात चिकाटीच नाही, माझ्या बाबांवर गेली असती तर बरं झालं असतं. तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.

मागच्या वर्षी माझा हात गेला. अंगठ्याच्या मुळाशी आधी नुसती कळ यायची, मग कणीक मळता येईना, मग बाटलीचं झाकण उघडेना. डॉक्टरांनी मला हॉस्पिटलमध्ये हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टकडे पाठवलं. ती तिशीतली, हसतमुख मुलगी होती. तिने माझ्यापुढे कागद ठेवला आणि म्हणाली, काहीही काढा. मी सवयीने पुलाचा खांब काढायला घेतला. ती चित्राकडे बघतच नव्हती, माझ्या बोटांकडे बघत होती. मग तिने टेबलापलीकडून हात पुढे केला, माझी पेन्सिल वरून पकडली आणि ओढली.

पेन्सिल सुटली नाही. आणि पन्नाशीला टेकलेली मी, खुळ्यासारखी हसले. थाप मिळेल म्हणून.

"म्हणूनच दुखतंय, मॅडम," ती इंग्रजीत म्हणाली. "कोणी ओढली तर सहज निघून यायला हवी. तितकीच धरायची."

मग तिने मला पेन्सिल धरायला शिकवलं. टोकापासून वर धरा. मधल्या बोटावर नुसती टेकवा, अंगठ्याने फक्त पडू देऊ नका. दाबू नका, मऊ शिशाची पेन्सिल घ्या. बोटांनी रेघ ओढू नका, कोपरापासून, खांद्यापासून हात फिरू द्या. मधेमधे थांबून बोटं मोकळी करा. ती स्वतः करून दाखवत होती आणि मी ओळखलं. ही पेन्सिल मी पाहिली होती. माझ्याच जेवायच्या टेबलावर, सहा वर्षांच्या हातात, कोणीही न शिकवता. मी रडायला लागले. तिला वाटलं हात दुखला, तिने धावत जाऊन बर्फाची पिशवी आणली.

घरी येताना एमआरटीच्या गाडीतून मी बाबांना फोन लावला. भांडायचंच ठरवलं होतं. बाबा ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना आता ऐकू कमी येतं. मी काही बोलायच्या आतच ते मोठ्याने म्हणाले, "आमची चित्रकार नात काय म्हणते? काढते ना चित्रं?"

"काढते, बाबा," मी म्हणाले.

"पेन्सिल घट्ट धरते ना?"

"हो." त्यांना दुसरं काय सांगणार होते? त्यांना पेन्सिल घट्ट धरावी लागली होती, त्यात त्यांची काही चूक नव्हती. चूक माझी होती.

मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. त्या संध्याकाळी ती त्याच टेबलावर अभ्यास करत होती. मी शेजारी बसले आणि तिला सगळं सांगितलं. तिच्या आजोबांची पाटी, दाराजवळची जागा, हिसकावणारे हात, हसणारे मास्तर. थेरपिस्ट काय म्हणाली तेही सांगितलं. माझं चुकलं म्हणाले. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मग तेव्हा का नाही सांगितलंस?" मी तिच्यापुढे एक कोरा कागद सरकवला.

"एक बगळा काढशील?" मी म्हणाले. "लहानपणी धरायचीस तशी पेन्सिल धरून?"

"कशी धरायचे?"

तिला खरंच आठवत नव्हतं. माझ्या अंगठ्याला थेरपिस्टने बांधलेला पट्टा होता, तरी मी जमेल तसं करून दाखवलं. तिने पेन्सिल वर धरली, सैल. एक रेघ काढली, ती थरथरली. दुसऱ्या रेघेला बोटं आपोआप खाली सरकली. तिने ती पुन्हा वर नेली, ती पुन्हा उतरली. मला वाईट वाटू नये म्हणून ती काढत राहिली. मला ते बघवेना. पाणी प्यायला म्हणून मी उठले आणि परत येताना तिच्या खुर्चीमागे थांबले. तिचे केस बाजूला सारावेत, एवढंच मनात होतं.

माझी चाहूल लागली आणि तिची बोटं आवळली. नखं पांढरी पडली. मी हात पुढे केला तो पेन्सिल तिच्या हातातून अलगद काढून घ्यायला, आज पुरे म्हणायला. पेन्सिल सुटली नाही.

मागे न बघताच तिने विचारलं, "पास?"