मानेवर मिठाचा शेक

गेल्या पावसाळ्यानंतर माझं डोकं दुखायला लागलं. मानेच्या वरच्या खोबणीतून कळ निघायची, कानामागून चढायची आणि उजव्या डोळ्यामागं जाऊन बसायची. चार महिने मी कुणाला बोललो नाही. बायको डोक्याच्याच दुखण्यानं गेली होती. आता माझी पाळी, असं धरून चाललो होतो.

आम्ही मिठागरावरची माणसं. उभी हयात डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिल्या. आमच्यात कुणाचंही डोकं दुखलं की बोलतात, ओझ्याची मान आहे. मग जाडं मीठ तव्यावर भाजायचं, फडक्यात बांधायचं आणि मान शेकायची. मागं एका शिमग्याच्या आदल्या दिवशी सकाळी बायको भाकऱ्या टाकताना एकदम डोकं धरून खाली बसली. मी मीठ भाजलं.

"अवो, मानेत काय न्हाय. आत दुखतंय, आत," ती बोलत होती.

"तुला काय कळतंय? गप पड."

दिवसभर शेकत राहिलो. संध्याकाळी तिची जीभ जड झाली तेव्हा रिक्षा आणली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. मुलगा-सून त्या दिवशी घरी नव्हते. मुलाला मी सांगितलं, तिला संध्याकाळीच झालं. आजवर घरात सगळे तेच धरून आहेत.

माझं दुखणं सुनेच्या ध्यानात आलं, तिनं मला अलिबागला नेलं. तिथं डॉक्टर माझ्या डोक्याचा फोटो बघून बोलले, "डोक्यात काही नाही, दुखणं मानेचं आहे," तेव्हा मला ते पटेना. बायकोच्या वेळचं माझंच बोलणं मला परत ऐकवत होते.

"अजून एक फोटो काढा," मी सुनेला बोललो.

"दोन काढलेत, बाबा. आता काय लग्नाचा आल्बम करायचाय?"

तिनं मला फिजिओथेरपीवाल्या पोरीकडं नेलं. पोर माझ्या नातीच्या वयाची. पालथं झोपवलं. मी खाटेची कड घट्ट धरली. कवटी आणि मान जुळते तिथं तिनं अंगठे ठेवले आणि हळूहळू दाबलं. कळ थेट डोळ्यामागं गेली.

"सोड पोरी, मरंन!"

"नाही मरत, आजोबा. रोज दुखतं ते हेच का?"

"हेच. डिट्टो हेच."

"मग घाबरू नका. मी इथं दाबलं आणि तिथं दुखलं. फोटोही चांगला आहे. म्हणजे मूळ मानेतच आहे. सांधे आखडलेत. रोज हनुवटी आत ओढायची कसरत शिकवते. दीड-दोन महिने लागतील."

वाचलो म्हणून बरं वाटायला हवं होतं. उलट बायकोचं 'आत दुखतंय' कानात आलं.

"आनि दाबून तिथं दुखलं न्हाय तर? एकदम आलं असलं, आत दुखत असलं तर?"

तिचे हात थांबले. "एकदम, आधी कधी झालं नव्हतं इतकं दुखलं, तर मानेला हातही लावायचा नाही. तडक मोठं हॉस्पिटल. कुणाला झालंय असं?"

सून बाजूच्या खुर्चीत बसली होती. मी तोंड उशीतच ठेवलं.

"तुझ्या सासूला सकाळपासून दुखत होतं," मी बोललो. "मी दिवसभर शेकत बसलो."

मग पोरीनं सांगितलं, मान सैल सोडा. मला सोडता येईना.

बाहेर आल्यावर सुनेनं माझ्या पायापुढं चपला सरकवल्या. "हे ह्यांना तुम्हीच सांगायचं, बाबा. मी न्हाय सांगणार."

परतीच्या रिक्षात डोकं दुखत नव्हतं. मुलाला काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. मुलगा सहाला कामावरून येतो, आणि साडेपाच वाजून गेले होते.