म्हाळसाबाईंचा डावा हात

डाळजला हायवेच्या कडेला तात्याबांचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. आसपासच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी तिथं यायच्या. तांब्याची तार नुसती बोटांनी चाचपून तात्याबा दोष सांगायचे. आता दुकान बंद आहे. तात्याबा घरी असतात, आणि हे घर कुणाचं ते त्यांना ठाऊक नसतं.

आधी ते पाहुणेरावळे विसरले. मग दुकान, मग मुलगा. गेल्या उन्हाळ्यात म्हाळसाबाईंनाही विसरले. चहाची कपबशी हातात घेत तात्याबा म्हणाले, "बाई, तुमी कुणाच्या?"

म्हाळसाबाईंनी डावा हात पुढं केला. मनगटाच्या वर तुळस गोंदलेली होती. तिच्याखाली ठिपक्यांची ओळ, आणि त्यातला एक ठिपका ओळ सोडून खाली घसरलेला. तात्याबांनी ओळीवरून बोट फिरवलं, घसरलेल्या ठिपक्यापाशी थांबवलं आणि ते हसले.

"म्हाळसे, तू व्हय? मग सांगायचं न्हाय का!"

ठिपक्याची गोष्ट दोघांचीच. म्हाळसा लग्न होऊन आली त्या साली दारात गोंदणारीण आली होती. सासूनं नव्या सुनेला तिच्यापुढं बसवलं. "दागिनं हितंच राहत्यात. गोंदण तेवढं संगं येतं," म्हणाली. सुया टोचत होत्या, म्हाळसा दात आवळून बसलेली. तेवढ्यात तात्याबा जेवायला आले. आईच्या पाठीमागं उभं राहून त्यांनी बायकोच्या रडक्या तोंडाची हुबेहूब नक्कल केली. म्हाळसाला हसू फुटलं, हात हलला, ठिपका घसरला. सासूनं दोघांनाही शिव्या घातल्या.

गेल्या उन्हाळ्यातल्या त्या दिवसापासून रोज सकाळी हात दाखवायचा, ओळख पटवायची आणि मग चहा, असं सुरू झालं. पण हातही म्हातारा झाला होता. कातडी सुरकुतली होती. ठिपके एकमेकांत मिसळत चालले होते. एका सकाळी तात्याबांचं बोट नुसतंच फिरत राहिलं. त्यांना ठिपका सापडेना. त्यांनी हात बाजूला सारला आणि भिंतीकडं तोंड केलं.

म्हाळसाबाई चुलीपाशी येऊन बसल्या. सून संस्कृती भाकरी थापत होती.

"पुसत चाललंय गं."

"आत्या, बारामतीत टॅटूवाले हाईत. जुनं गोंदण उजळून देत्यात."

"खरं?"

"माझ्या मैत्रिणीनं केलंय. जाऊ आपण."

दुसऱ्याच दिवशी दोघी एसटीनं बारामतीला गेल्या. टॅटूवाला अविराज तरणा पोरगा होता. दोन्ही हात खांद्यापर्यंत चितारलेले. म्हाळसाबाईंनी ते हात बघितले.

"बाबा, तुझ्या अंगावर जागा उरली न्हाय. लग्नात हळद कुठं लावायची?"

अविराज हसला. "आजी, आधी लग्न तर जमू द्या." त्यानं त्यांचा हात दिव्याखाली धरला. "तुमच्यासाठी खास डिझाइन करू. तुळशीच्या दोन बाजूंना मोर टाकू?"

"मोर नगं. हाय तसंच."

"बरं. हा एक ठिपका चुकलाय, तेवढा सरळ घेतो."

"त्यो सरळ केलास तर ह्या वयात पोलीस चौकीची पायरी चढंन मी!"

त्यानं ठिपका जिथल्या तिथं ठेवला. मन लावून काम केलं. बारीकशी रेघही सोडली नाही. वर पातळ प्लॅस्टिकचा कागद चिकटवला आणि बजावलं, "हळद नाही, खोबरेल नाही, ही ट्यूब लावायची. खपली धरली की खाजवायचं नाही. पाण्यात भिजवू नका. आणि उन्हात अजिबात न्यायचं नाही, आजी. उन्हानं शाई उडते."

म्हाळसाबाईंनी लहान लेकरासारखा तो हात सांभाळला. भांडी सुनेला दिली. मळ्यात जाणं बंद केलं. एरवी ऊस खुरपताना पात्यांनी हात कापू नयेत म्हणून साडीवर तात्याबांचा जुना शर्ट घालायच्या. तो आता घरातही घालू लागल्या, बाही मनगटापर्यंत ओढून. तात्याबा कधी बाहीखाली चाचपायला आले की हात मागं घ्यायच्या.

"थोडं दिस थांबा. मग बघा."

"बाई, आमची घरची कुठं गेली?"

"येतीय."

"माहेरी गेली का? भांडण तर न्हाय झालं आमचं."

"येतीय म्हणलं ना."

खपली सुटली. खालची तुळस काळीभोर, ठसठशीत. एकेक ठिपका वेगळा, मोहरीच्या दाण्यासारखा. म्हाळसाबाईंनी न्हाऊन धुवट पातळ नेसलं, शर्ट खुंटीला लावला आणि तात्याबांच्या पुढ्यात येऊन हात पुढं केला.

तात्याबांचं बोट तुळशीवरून फिरलं. ओळीवर आलं. घसरलेल्या ठिपक्यापाशी थांबलं.

"बाई, कुणी काढलं वं? झ्याक काढलंय. आमच्या घरचीच्या हातावर डिट्टो असंच हाय. ठिपका बी असाच घसरलाय." त्यांनी हात अलगद खाली ठेवला. "पण तिचं हिरवं हाय."

"आवं, मीच ती."

"न्हाय बाई. तिचं हिरवं हाय."

म्हाळसाबाईंनी मागच्या दारी जाऊन संस्कृतीला अविराजला फोन लावायला सांगितलं.

"बाळा, माझं गोंदण हिरवं कवा पडंल?"

"हिरवं? आजी, घाबरू नका. जुन्या काजळीचं हिरवं पडायचं. आमची शाई कंपनीची आहे. मी सांगितलं ते सगळं केलंत ना? मग काळं ते काळंच राहणार."

"पर पडत न्हायच का?"

"नाही पडत, आजी. गॅरंटी."

फोन संस्कृतीच्या हातात देऊन त्या तशाच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाळसाबाई अंगणात लख्ख उन्हात जाऊन बसल्या. पदर खोचला आणि डावा हात गुडघ्यावर उपडा ठेवला, तुळस वर करून. ऊन तापलं तरी हलल्या नाहीत. संस्कृतीनं दोनदा हाक मारली.

आवाज ऐकून तात्याबा उंबऱ्याशी आले. बराच वेळ बघत राहिले. मग भिंतीला धरत धरत खाली उतरले आणि बाईमाणसापासून ठेवावं तेवढं अंतर ठेवून उभे राहिले.

"बाई, सावलीत बसा. एवढं चांगलं गोंदण, इटून जाईल." त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. "आमची आली की चा टाकायला सांगतो."