कळलावीचं पान

"नाव राहू द्या. आधी पान कसं आहे ते सांगा." कुणी झाडाचं नाव विचारलं की पारनेरच्या आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाई एवढंच म्हणायच्या आणि चष्मा कपाळावर चढवायच्या.

मी तिथे मराठी शिकवायचो. स्टाफरूममध्ये पोहे आले की बाई कढीपत्त्याची काडी उचलून धरायच्या. "सर, तुम्ही बाजूला काढताय त्या पर्णिका. पान म्हणजे ही अख्खी काडी."

"मराठीत त्यालाही पानच म्हणतात," मी म्हणायचो.

"तुमच्याकडे पुस्तकालाही पान आणि जेवायलाही पान. मला एका शब्दाला एकच अर्थ लागतो."

भालाकार, हृदयाकार, दंतुर कडा. हे शब्द तुम्हीही शाळेत पाठ केले असतील आणि परीक्षा झाल्यावर सोडून दिले असतील. बाई पाठ करूच देत नसत. हातात पान द्यायच्या आणि बोलायला लावायच्या.

एका पावसाळ्यात आम्ही चहा घेत असताना त्यांना काष्टीहून एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. तिच्या चुलत्यांनी बांधावरचा वेल उपटून त्याचा कंद उकडून खाल्ला होता. आता उलट्या थांबत नव्हत्या. "घरचे म्हणतात नेहमी उकडून खातो त्यो करांदाच हाय, पित्त झालं असंल, सकाळी बघू. फोटो पाठवलाय, मॅडम."

"फोटोत नुसता सोललेला कंद आहे. वेल कुठं टाकलाय? जा, पान हातात घे."

"घेतलं."

"करांद्यासारखं हृदयाकार आहे?"

"न्हाई. भालाकार. शिरा समांतर. आन् टोक दोऱ्यासारखं गुंडाळलंय, काडीला धरून बसलंय."

बाईंचा आवाज चढला नाही. "ती कळलावी आहे. विषारी असते. सकाळची वाट बघू नका. आत्ता गाडी काढा, वेल बरोबर न्या, डॉक्टरांना नाव सांगा."

फोन ठेवल्यावर मात्र त्यांना बशीत चहा ओतता येईना. मीच ओतून दिला.

चुलते बरेच दिवस दवाखान्यात होते. पण वाचले.

गेल्या वर्षी बाई गेल्या. दहाव्याला मी त्यांच्या गावी, देवळाली प्रवऱ्याला गेलो. सगळ्यांच्या मागे एक म्हातारे शेतकरी टोपी हातात घेऊन उभे होते. मी विचारलं, "बाईंचे कोण तुम्ही?"

"कुनी न्हाई. गाठ कधी पडलीच न्हाई आमची. पुतनीनं काष्टीवरनं फोन लावला, तवा मी तिथंच पडून स्पीकरवर ऐकत हुतो. आवाज तेवढा वळखतो मी त्यांचा."