टाचे मारलेली भिंत

मी माझ्या मोठ्या भावाच्या थोबाडीत मारली तेव्हा तो पासष्टचा होता आणि मी साठीला टेकले होते. एकदा मारून थांबले नाही, दुसरीही दिली. कारण होतं आमच्या दिवाणखान्यातली एक भिंत.

घर वडिलांनी, आमच्या आण्णांनी, बांधलेलं. ते मूळचे पिशोरचे, शेतीवाले. शहरात येऊन सरकारी कामांचे ठेकेदार झाले आणि जम बसल्यावर परदेशात शिकून आलेल्या एका आर्किटेक्टकडून त्यांनी स्वतःच्या घराचा नकाशा काढून घेतला. कॉलनीतल्या बाकीच्या बंगल्यांना खांब, कमानी, गुलाबी रंग. आमचं घर करड्या रंगाचं, सरळसोट. वर एकच लांबलचक स्लॅब, चारी बाजूंनी बाहेर आलेला. जिन्याला कठडा नाही, पायऱ्या सुट्या सुट्या भिंतीतून निघालेल्या. आणि ती भिंत दोन मजले उंच, उघड्या काँक्रीटची, ना गिलावा ना रंग. ओतताना लावलेल्या फळ्यांच्या रेषा आणि गाठी जशाच्या तशा तिच्यावर उमटल्या होत्या. दुपारचं ऊन वरच्या झरोक्यातून तिच्यावर उतरलं की मी हातातलं काम टाकून बघत बसायची.

त्या भिंतीची एक गोष्ट होती. पहिल्यांदा ओतली तेव्हा फळ्या काढल्यावर एका कोपऱ्यात खडी उघडी पडली. मिस्त्रीने गुपचूप सिमेंट फासून ती लपवली. वडिलांना कळलं. त्यांनी मिस्त्रीला सगळ्या मजुरांसमोर चपलेने बडवलं आणि त्याच्याच हातात घण देऊन अख्खी भिंत पाडायला लावली. त्याच्या तळहातांतून रक्त गळत होतं म्हणे. ही गोष्ट आमच्याकडे कौतुकाने सांगितली जायची. दरवर्षी आर्किटेक्चरची मुलं घर बघायला येत, वह्यांत चित्रं काढत, आणि माहेरी असले की मी त्यांना चहा देता देता तो घण, ते रक्त असं रंगवून सांगायची की मुलं खो खो हसायची. वडील तेव्हा जिवंत होते. तेही हसायचे.

आईवडील गेले आणि घर आम्हा दोघांच्या नावावर आलं. मी लग्नापासून नाशिकला. भाऊ तिथेच राहिला, वडिलांचाच धंदा करत, तोही मागच्या दोन खोल्यांत. दिवाणखान्यात तो बसायचा नाही. मला वाटायचं, त्याला सौंदर्याचं वावडं आहे. बायको गेल्यावर तो म्हणाला, विकून टाकू. मी एकच अट घातली, जो ठेवेल त्यालाच द्यायचं. कारण एक बिल्डर टपूनच बसला होता. त्याला घर पाडून सहा मजले उभे करायचे होते.

मग सुरू झाला एजंटांचा तमाशा. एकाने भिंतीवर हात फिरवून विचारलं, “बाई, इथलं प्लास्टर राह्यलं व्हय?” दुसऱ्याने दक्षिणेचं दार बघून उंबऱ्यातूनच पाय मागे घेतला. तिसऱ्याने सुचवलं, वॉलपेपर लावा, गिऱ्हाईक फसतं. तळपायाची आग मस्तकात जायची. एकाला तर मी फाटकाबाहेर घालवून वर त्याची फाईल रस्त्यावर भिरकावली. शेवटी त्या आर्किटेक्चरच्या मुलांपैकीच कुणीतरी इंटरनेटवर टाकलेले फोटो पाहून पुण्याहून एका जोडप्याचा फोन आला. दोघंही आर्किटेक्ट. घर आहे तसं, एक वीटही न हलवता, हवं होतं. रविवारी बघायला येणार होते. मला त्या दिवशी रडूच आलं. भावाला कळवलं तर म्हणाला, बरं, तोवर जरा नीटनेटकं करून ठेवतो.

मला तिथेच शंका यायला हवी होती. आपल्याकडे बघायला कुणी येणार म्हटलं की मुलगी असो की घर, आधी रंगरंगोटी होते.

शनिवारी दुपारी मी पोचले. दार सताड उघडं, आत धूळ. जमिनीपासून हात पोचेल तिथपर्यंत भिंत फोडलेली होती. गुळगुळीत काँक्रीट प्लास्टर धरत नाही, म्हणून छिन्नी-हातोड्याने आधी त्याला खाचा पाडतात. टाचे मारणं म्हणतात त्याला. पण हे टाचे नव्हते, भिंत सोलली होती. एकही रेष शिल्लक नव्हती, काही ठिकाणी आतली सळई दिसत होती. खुलताबादचा मिस्त्री आणि त्याचा भाऊ कोपऱ्यात बसलेले. आणि माझा भाऊ केसांपासून पायापर्यंत पांढरा, हातात हातोडा.

मी काही विचारलं नाही. पर्स टाकली आणि मारलं. त्याचा चष्मा उडून खडीत पडला. दुसरी मारली तेव्हा त्याने माझा हात अडवला नाही, तोंडही झाकलं नाही. त्याने आपला तळवा डोक्यामागे नेला. डोकं आणि भिंत यांच्यामध्ये धरला.

माझा हात तिथेच थांबला.

मिस्त्री मध्ये पडला. तो चाचरत म्हणाला, “बाई, आम्ही पयल्याच दिवशी टाचे मारले. मग साहेबांनी हातोडा मागून घेतला. तीन दिवस झाले, तेच मारायलेत. जेवायला बी उठंनात.”

भावाच्या हातांना फोड येऊन फुटले होते. हातोड्याचा दांडा लाल झाला होता. तो हळूच खाली बसला, चष्मा चाचपू लागला.

“प्लास्टरला एवढे लागत नायत, मला ठाव हाय,” तो म्हणाला. “पहिला टाचा बसला अन् लई बरं वाटलं.”

मग माझ्याकडे न बघता, “आण्णा मला इथंच उभं करायचे. डोकं धरून आपटायचे. फळ्यांच्या धारा लागायच्या. तू पोरांना चहा द्यायचीस तिथंच.”

मी म्हणाले, मला माहीत नव्हतं.

खोटं बोलले होते. मी चौथ्या पायरीवर बसलेली असायची, पुस्तक घेऊन. गणितात मार्क कमी पडले, दूध सांडलं, उलट बोलला, कारण कुठलंही चालायचं. वडील त्याला हाक मारत त्याच आवाजावरून आईला कळायचं, आणि ती स्वयंपाकघरात मिक्सर लावायची. आत काही नसलं तरी लावायची. मिक्सरच्या आवाजातही तो धप्प असा आवाज यायचा. मी पान उलटायची. मला कधीच मार बसला नाही. मी लाडकी होते, आणि लाडकं राहायचं तर काय करायचं ते मला सातव्या वर्षी कळलं होतं.

रविवारी जोडपं आलं. मी काय सांगणार, भिंत समोरच होती. नवरा हळहळला. बायको मात्र भिंतीजवळ गेली, खड्ड्यांतून बोट फिरवत राहिली आणि म्हणाली की हेही छान आहे, आम्ही हे असंच ठेवू, वरून एक दिवा सोडू. मला तिच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली. ते घर घ्यायला तयार होते. दोन दिवसांत कळवा म्हणाले.

भाऊ म्हणाला, तू म्हणशील तिथं सही करतो. त्याच्या आवाजात कुरकुर नव्हती. आयुष्यभर मला हवं होतं ते तो असा माझ्या हातात ठेवत होता, घर उभं राहणार होतं, त्या भिंतीवर दिवा सोडला जाणार होता, आणि पुन्हा पोरं वह्या घेऊन येणार होती. मी दोन रात्री झोपले नाही. मग पुण्याला फोन करून नाही म्हटलं. ती बाई चिडली. असं घर पाडू देणं हा गुन्हा आहे म्हणाली. तिचं चूक नव्हतं. मी तिला नको ते बोलले आणि फोन आपटला. बिल्डरला होकार कळवला.

पाडायचं ठरलं त्या दिवशी भाऊ आला नाही. मी गेले. रस्त्यापलीकडे खुर्ची टाकून बसले. स्लॅब दोन दिवसांत उतरला. भिंत मात्र ऐकेना. ब्रेकर लागला की ठिणग्या उडायच्या, मशीनचा दात मोडला, ड्रायव्हर शिव्या घालायचा. शेजारचे येऊन कौतुक करून जायचे, काय काम केलंय तुमच्या वडिलांनी. मला अभिमान वाटायचा, आणि वाटला की स्वतःची किळस यायची. संध्याकाळी भावाचा फोन यायचा. पडली का? नाही म्हटलं की ठेवून द्यायचा.

सहाव्या दिवशी ती पडली. एकदम नाही. आधी मधून चिरली, मग गुडघ्यात मोडल्यासारखी खाली बसली, आणि वरचा भाग तिच्यावर कोसळला. धूळ माझ्या तोंडात गेली. मी उठले नाही, डोळेही मिटले नाहीत.

फोन आला.

“पडली,” मी म्हटलं.

“तू तिथंच होतीस? बघितलंस?”

“बघितलं.”

त्याने फोन ठेवला नाही.

“अन् तेव्हा?” त्याने विचारलं.

“तेव्हाही,” मी म्हटलं.